हायवेवर बॉनेट का थरथरतं? उत्तर शोधायचं तर एका पडलेल्या पुलाकडे आणि थिओडोर व्हॉन कार्मान यांच्याकडे जावं लागतं

गाडी शहरात फिरते तोवर सगळं ठीक असतं. एक्सप्रेसवेला लागली, काटा ९०-१०० वर गेला, की समोरचं बॉनेट हलकं हलकं थरथरायला लागतं. वेग कमी केला की थांबतं, वाढवला की पुन्हा सुरू. गॅरेजला नेली तर मेकॅनिक बॉनेट दाबून बघतो, दोनदा उघडून आपटतो आणि सांगतो, काही प्रॉब्लेम नाही.

त्याचंही चूक नसतं. उभ्या गाडीत खरंच काही सापडत नाही. थरथर तयार होते ती पत्रा आणि वारा एकत्र आल्यावर, आणि गॅरेजमध्ये वारा नसतो.

आता तुम्ही म्हणाल, वारा म्हणजे झोत आला की हलणारच ना. पण गंमत अशी आहे की वारा अगदी एकसारखा, न थांबता वाहत असला तरी वस्तू हलते. टेबल फॅन एकाच स्पीडवर ठेवून समोर कागदाची पट्टी धरा, फडफडते. पंखा तर तिला धक्के देत नाही. मग ही फडफड येते कुठून?

या प्रश्नावर ज्यांनी जवळपास सगळं आयुष्य घालवलं, त्यात सगळ्यात मोठं नाव म्हणजे थिओडोर व्हॉन कार्मान. अवकाश कुठून सुरू होतं ते सांगणारी १०० किलोमीटर उंचीवरची कार्मान रेषा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ती याच माणसाच्या नावाने आहे. पण आपल्या बॉनेटसाठी त्यांचं काम त्याच्या कितीतरी खाली, जमिनीलगतच्या वाऱ्यात सापडतं.

कार्मान यांचा जन्म ११ मे १८८१ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. घर ज्यू, शिकलेलं. वडील मोर कार्मान मोठे शिक्षणतज्ज्ञ. हंगेरीची शाळा पद्धत नव्याने बसवण्यात त्यांचा हात होता आणि मिंटा नावाची एक नमुना शाळा त्यांनी उभी केली होती. पुढे हायड्रोजन बॉम्बवाले एडवर्ड टेलर याच शाळेत शिकले. घराण्याला व्हॉन ही पदवी मिळाली तीसुद्धा वडिलांच्या कामामुळे, १९०७ साली.

थिओडोर सहा वर्षांचा असताना मोठमोठे गुणाकार तोंडी करायचा. सहा आकडी संख्यांचे. घरी पाहुणे आले की हा खेळ व्हायचा. आपल्याकडे असं पोरगं निघालं तर सगळ्या सोसायटीला बोलावून दाखवलं असतं. वडिलांनी मात्र उलटं केलं. पोरगा आकडे पाठ करणारं यंत्र होईल ही भीती त्यांना वाटली आणि त्यांनी त्याचं गणितच बंद केलं. काही वर्षं त्याला भूगोल, इतिहास आणि कविता वाचायला लावल्या. कार्मान पुढे थट्टेने सांगायचे की त्या बंदीमुळे तोंडी गुणाकार कायमचा गेला. पण बंदी उठल्यावर शाळेतच त्यांनी हंगेरीतली सर्वात मानाची गणिताची स्पर्धा जिंकली.

१९०२ मध्ये ते बुडापेस्टमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. मग १९०६ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला गेले, लुडविग प्रांटल यांच्याकडे. वाहत्या हवेचं आधुनिक शास्त्र ज्यांच्यापासून सुरू होतं, ते हे प्रांटल. तिथे कार्मान यांनी १९०८ मध्ये डॉक्टरेट केली, तीही खांब भाराखाली कसे वाकतात या विषयावर. म्हणजे सुरुवात हवेपासून नव्हतीच, लोखंडापासून होती. हे पुढे कामी येणार होतं.

हवेकडे ते वळले पॅरिसमध्ये. त्याच वर्षी तिथे असताना, एका रात्रीच्या जागरणानंतर एक मैत्रीण म्हणाली की पहाटे ऑन्री फारमान विमान उडवणार आहे, बघायला जाऊ. कार्मान झोपमोड करून गेले. लाकूड आणि कापडाचा तो सांगाडा हवेत उठून परत जमिनीवर आलेला त्यांनी पाहिला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं होत होती.

ते ग्योटिंगेनला परतले आणि तिथे हिमेन्झची गोष्ट घडली.

कार्ल हिमेन्झ हा प्रांटल यांचा विद्यार्थी. त्याचं काम साधं वाटणारं होतं. पाण्याच्या एका लांब पाटात उभा गोल दांडा ठेवायचा, पाणी एकसारखं सोडायचं आणि दांड्याभोवती दाब किती पडतो ते मोजायचं. पण मोजमाप बसेना. दांड्यामागचं पाणी डावीकडे-उजवीकडे सतत डोलत होतं. प्रांटल यांनी सांगितलं, दांडा नीट गोल नसणार. हिमेन्झने तो पुन्हा घासून अगदी काटेकोर गोल केला. पाणी डोलतच होतं. मग प्रांटल म्हणाले, पाट दोन्ही बाजूंना सारखा नसणार. हिमेन्झ पाट सारखा करत बसला. पाणी डोलतच होतं.

कार्मान यांचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता. ते फक्त रोज सकाळी प्रयोगशाळेत डोकावायचे आणि विचारायचे, आज स्थिर झालं का पाणी? आणि बिचारा हिमेन्झ रोज पडलेल्या चेहऱ्याने सांगायचा की नाही, डोलतंय.

एवढे दिवस सगळ्यांची समजूत एकच होती, की हिमेन्झच्या हातून काहीतरी चुकतंय. कार्मान यांच्या डोक्यात आलं की मुळात चुकतच नसेल तर? पाणी डोलतं कारण डोलणं हाच त्याचा स्वभाव आहे. एका शनिवार-रविवारात त्यांनी गणित मांडलं. दांड्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे भोवरे सुटतात. ते दोन्हीकडून एकाच वेळी सुटले तर ती रचना टिकत नाही. पण आधी डावीकडून, मग उजवीकडून, पुन्हा डावीकडून असे आळीपाळीने सुटले तर टिकते. तीही एका ठरावीक मापात. भोवऱ्यांच्या दोन ओळींमधलं अंतर आणि एका ओळीतल्या दोन भोवऱ्यांमधलं अंतर यांचं गुणोत्तर ०.२८ च्या आसपास असावं लागतं.

१९११-१२ मध्ये हे छापून आलं आणि भोवऱ्यांच्या त्या दुहेरी रांगेला कार्मान व्हॉर्टेक्स स्ट्रीट हे नाव पडलं. फ्रान्समधल्या ऑन्री बेनार यांनी असे भोवरे आधीच पाहिले होते आणि त्यांनी तसा दावाही केला. कार्मान यांनी भांडण केलं नाही. लंडन-बर्लिनमध्ये त्याला कार्मान स्ट्रीट म्हणा आणि पॅरिसमध्ये बेनार बुलवार म्हणा, अशी त्यांनी तडजोड काढली. शिवाय इटलीत बोलोन्याच्या एका चर्चमधलं जुनं चित्र ते नेहमी सांगायचे. त्यात बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या संत ख्रिस्तोफरच्या टाचेमागे असेच आळीपाळीचे भोवरे रंगवलेले आहेत.

हे भोवरे हवेतही सुटतात. आणि प्रत्येक भोवरा सुटताना वस्तूला बाजूला एक हलका हिसका देतो. एक डावीकडे, एक उजवीकडे. गोल वस्तूसाठी हिशेब सोपा आहे. वाऱ्याच्या वेगाला जाडीने भागायचं आणि ०.२ ने गुणायचं, की सेकंदाला किती वेळा हिसका बसतो ते कळतं. गाडीच्या टपावर १ सेंटीमीटर जाडीची अँटेना असेल तर ताशी १०० किलोमीटरला हे सेकंदाला साधारण साडेपाचशे वेळा होतं. अँटेनाची शिट्टी ऐकू येते ती हीच. काही अँटेनांवर स्क्रूसारखी नागमोडी कड असते बघा, किंवा कारखान्यांच्या उंच धुराड्यांना वरच्या टोकाला गोल फिरत गेलेली पट्टी असते. ती शोभेची नाही. भोवरे सगळ्या उंचीवर एकाच वेळी सुटू नयेत म्हणून ती लावतात.

१९१३ मध्ये कार्मान आखेन शहरातल्या एरोडायनॅमिक्स संस्थेचे प्रमुख झाले. मध्ये पहिलं महायुद्ध आलं. त्यात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी त्यांनी जमिनीला दोरांनी बांधलेल्या हेलिकॉप्टरवर काम केलं. मग परत आखेन. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकने १९२६ मध्ये त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं आणि १९३० मध्ये तिथल्या गुगेनहाइम प्रयोगशाळेची सूत्रं दिली. आई हेलेना आणि बहीण जोसेफिन यांना घेऊन ते पासाडेनाला गेले. लग्न त्यांनी केलंच नाही. घर बहीण चालवायची आणि घरात कायम विद्यार्थ्यांचा राबता असायचा. तीन वर्षांत जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढायला सुरुवात झाली. कार्मान यांना परतायला जागाच उरली नाही. १९३६ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

याच प्रयोगशाळेतली एक दुरुस्ती बॉनेटवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तेव्हा अमेरिकेत पंख खाली असलेली नवी धातूची विमानं येत होती. त्यांची शेपटी उडताना जोरात थरथरायची. शेपटी तपासली तर तिच्यात दोष नाही. विंड टनेलमध्ये बघितल्यावर कळलं की पंख जिथे विमानाच्या अंगाला जुळतो त्या कोपऱ्यात हवा फाटतेय, तिचे भोवरे मागे जातायत आणि थेट शेपटीवर आपटतायत. उपाय काय, तर त्या कोपऱ्यात पत्र्याची गोलाई भरून सांधा सपाट, सलग करायचा. थरथर गेली. फ्रेंच लोक विमानाच्या त्या गोलाईला आजही कार्मान म्हणतात. हलत होती शेपटी आणि दुरुस्ती झाली पंखाच्या मुळाशी.

आता पुलाकडे येऊ.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टकोमा नॅरोज नावाची खाडी आहे. तिच्यावरचा झुलता पूल १ जुलै १९४० ला सुरू झाला. मधला गाळा ८५३ मीटरचा, तेव्हा जगात तिसऱ्या क्रमांकाचा. डिझाइन केलं होतं लिऑन मोइसीफ यांनी. न्यूयॉर्कच्या मोठ्या पुलांवर काम केलेला, त्या काळचा अतिशय मानाचा माणूस. पूल त्यांनी सडपातळ केला होता. रुंदी १२ मीटरच्या आत आणि दोन्ही कडांना फक्त २.४ मीटर उंचीचे सलग पोलादी गर्डर. खर्च कमी, दिसायला देखणा.

पूल पहिल्यापासून हलायचा. साध्या वाऱ्यातही रस्ता लाटेसारखा वर-खाली व्हायचा. पुढची गाडी दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा वर यायची. लोकांनी त्याला गॅलपिंग गर्टी असं नाव ठेवलं आणि मजा म्हणून लांबून टोल भरून फिरायला यायला लागले. इंजिनिअर मात्र मजेत नव्हते. जास्तीच्या केबल बांधून झाल्या, डॅम्पर लावून झाले. वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक फार्कुहारसन मॉडेल करून तपासत होते. त्यांनी दोन मार्ग सुचवले होते. गर्डरला भोकं पाडून वारा आरपार जाऊ द्यायचा, किंवा कडेला वारा वळवणारे पत्रे लावायचे. काम सुरू होण्याआधीच ७ नोव्हेंबर उजाडला.

त्या सकाळी वारा होता ताशी ६७-६८ किलोमीटर. वादळ म्हणावं असं काही नाही. पूल याहून कितीतरी मोठ्या वाऱ्याचा भार सहन करेल असं गणित करून बांधलेला होता. दहाच्या सुमारास मधला एक केबलचा पट्टा सरकला आणि पुलाची चाल बदलली. इतके महिने तो वर-खाली व्हायचा, आता पिळायला लागला. रस्त्याची एक कड वर तर दुसरी खाली, पाच सेकंदांत पूर्ण एक फेरा. तासाभरात मधला गाळा तुटून पाण्यात गेला. माणूस एकही गेला नाही. एका पत्रकाराची मोटार पुलावर अडकली होती, तिच्यातला टबी नावाचा कुत्रा तेवढा गेला. फार्कुहारसन त्याला सोडवायला हलत्या पुलावरून मोटारीपर्यंत गेले होते, पण घाबरलेला कुत्रा त्यांना चावला आणि बाहेर येईना.

जाता जाता अजून एक किस्सा. पुलाच्या विम्यातली एक मोठी पॉलिसी विकणाऱ्या एजंटाने हप्ता कंपनीकडे भरलाच नव्हता, खिशात घातला होता. पूल थोडाच पडतोय, असं त्याला वाटलं. तो तुरुंगात गेला.

पूल पडला त्यानंतर कार्मान यांनी पेपरात वाचलं की राज्याचे गव्हर्नर तोच पूल त्याच धर्तीवर पुन्हा बांधणार आहेत. इथे खरी काळजीची गोष्ट होती. नवा पूल जास्त मजबूत पोलादाचा करून तसाच उभा राहिला असता आणि पुढच्या वेळी त्यावर माणसं असती. कार्मान यांनी प्रयोगशाळेतून पुलाचं रबराचं छोटं मॉडेल घरी आणलं, दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवलं आणि समोर विजेचा पंखा लावला. एका ठरावीक वेगाला मॉडेल डोलायला लागलं. म्हणजे जास्त वारा जास्त घातक असं सरळ गणित नव्हतंच. त्यांनी गव्हर्नरांना कळवलं की पूल आहे तसाच बांधलात तर आहे तसाच पडेल.

मग सरकारने तिघांची चौकशी समिती नेमली. ओथमार अमान आणि ग्लेन वुड्रफ हे दोन पूलवाले आणि तिसरे कार्मान. बैठकांमध्ये कार्मान यांना सगळ्यात जास्त कष्ट पडले ते एकच गोष्ट पटवायला. पूलवाल्यांच्या हिशेबात वारा म्हणजे बाजूने ढकलणारा एक स्थिर भार. किती टन ढकलतो ते काढा आणि तेवढं पोलाद घाला, संपला विषय. विमानाच्या हलक्या पंखाला लागू पडणारं शास्त्र हजारो टनांच्या, जमिनीला रोवलेल्या पुलाला लावायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मॉडेल विंड टनेलमध्ये ठेवून बघू, हेसुद्धा त्यांना नवीन होतं. शेवटी चाचण्या झाल्या, कॅलटेकमध्येही झाल्या, आणि मार्च १९४१ मध्ये अहवाल आला. त्यात मोइसीफ यांच्यावर ठपका नव्हता. त्या वेळी कुणालाच हे माहीत नव्हतं, असं समितीने मानलं. पण मोइसीफ यांचं नाव त्यातून सावरलं नाही. १९४३ मध्ये ते गेले.

पूल नक्की कशाने पडला यावर पुढे अनेक वर्षं वाद झाला. कार्मान यांचा कल स्वतःच्या भोवऱ्यांकडे होता. नंतरच्या अभ्यासकांनी हिशेब करून दाखवला की त्या वाऱ्यात भोवरे सेकंदाला जवळपास एकदा सुटत असणार आणि पूल तर पाच सेकंदांना एकदा पिळत होता. ताल जुळत नाही. म्हणजे भोवऱ्यांनी आधीची लाट आणली असेल, पण शेवटचा पीळ वेगळा. त्याला फ्लटर म्हणतात, आणि विमानवाल्यांना तो आधीपासून माहीत होता.

फ्लटर समजायला झोपाळा आठवा. भोवऱ्याचा हिसका म्हणजे बाहेरून कुणीतरी ठरावीक वेळाने दिलेला झोका. फ्लटरमध्ये झोका देणारा बाहेर कुणीच नसतो. पट्टी थोडी वर कलली की वारा तिच्याखाली जास्त शिरतो आणि तिला अजून उचलतो. पोलादाचा ताण तिला परत ओढतो, ती वेगात खाली जाते, मधली जागा ओलांडते, मग वारा वरून दाबतो. हलणारी वस्तू स्वतःच्या हलण्यानेच वाऱ्याकडून ताकद घेत राहते. जेवढी ताकद येते तेवढी रबर, सांधे, घर्षण यांनी खाल्ली तर थरथर तेवढीच राहते. खाल्ली गेली नाही, तर वाढत जाते.

नवा टकोमा पूल ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाला. सलग गर्डरच्या जागी १० मीटर उंचीची जाळीदार ट्रस आली, म्हणजे पिळायला कठीण आणि वारा आरपार. रुंदी वाढवली, रस्त्याच्या मध्ये हवा जायला जाळ्या ठेवल्या, हायड्रॉलिक डॅम्पर बसवले. तो पूल आजही वापरात आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स-व्हाइटस्टोन पुलाची गंमत तर अजून बोलकी आहे. तो टकोमाच्याच घडणीचा, १९३९ चा. घाबरून १९४६ मध्ये त्यावर वजनदार ट्रस चढवली. २००० नंतर ती काढून टाकली आणि कडेला फायबरग्लासचे हलके तिकोनी पत्रे लावले. फार्कुहारसन यांनी सुचवलेल्या दुसऱ्या मार्गासारखेच.

आता हे सगळं तुमच्या बॉनेटला कसं लागू पडतं ते बघू. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जोर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो वजनाएवढा असतो. ५० ला तो फक्त १२ किलो असतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शहरात काहीच का जाणवत नाही ते इथे कळतं. हा सगळा जोर बॉनेट उचलायला लागत नाही, पण दिशा मात्र वाईट आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वळताना हवा वेग घेते आणि तिथे वरचा दाब कमी होतो. त्याच वेळी ग्रिलमधून शिरलेली हवा खालून दाबते. बिजागऱ्या मागे, काचेजवळ आहेत. पुढची कड धरून ठेवायला फक्त मधलं लॉक आणि दोन्ही कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर.

आधी एवढं बघा की थरथर कधी होते. फक्त ट्रक किंवा बसच्या मागे असताना होत असेल आणि बाजूला आलात की थांबत असेल, तर ते ट्रकमागचे भोवरे तुमच्या बॉनेटवर आपटतायत, विमानाच्या शेपटीसारखेच. अंतर वाढवा. मोकळ्या रस्त्यावर एका ठरावीक वेगापुढे होत असेल तर गाडी तपासायची.

सगळ्यात आधी लॉक. बॉनेटला दोन टप्पे असतात, मुख्य लॉक आणि उघडलं तर अडकवून ठेवणारा सुरक्षेचा हूक. बॉनेट नुसतं त्या हुकावर असेल तर ते हातानेही एक-दोन बोटं वर येतं. तसं असेल तर गाडी लगेच सुरक्षित जागी घ्या. वाऱ्याने बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोरचं काहीच दिसत नाही. लॉक धूळ-चिखलाने जाम होतं, साफ करून ग्रीस लावलं की बऱ्याचदा नीट बसतं.

मग स्टॉपर. कोपऱ्यातली ती रबरी बटणं बऱ्याच गाड्यांमध्ये फिरवून वर-खाली करता येतात. बॉनेट बंद केल्यावर ते त्यांच्यावर किंचित दाबून बसलं पाहिजे. मध्ये फट राहिली की लॉकमधला ढिलेपणा मोकळा होतो आणि कडा हलायला लागतात. थोडं फिरवायचं, बंद करायचं, कोपरा दाबून बघायचा. जास्त वर घेतलं तर लॉक लागायला जड जातं, तेही चांगलं नाही. पुढच्या कडेची रबर पट्टी फाटली किंवा हरवली असेल तर नवी लावा, कारण हवा शिरते ती तिथूनच.

आणि हे सगळं नीट असूनही बॉनेटचा मधला भाग ढोलासारखा हलत असेल, तर बॉनेट उघडून खालून बघा. वरचा पातळ पत्रा आणि खालची फ्रेम यांच्यात ठिकठिकाणी मऊ डिंकासारख्या मसाल्याचे ठिपके असतात. फ्लटर अडवायलाच ते दिलेले असतात. गाडी जुनी झाली किंवा डेंटिंग-पेंटिंग झालं की ते सुटतात, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा भरायचे राहून जातात. चांगल्या डेंटरला हे सांगितलं तर तो भरून देतो. ठोकर बसलेल्या गाडीत लॉकची पट्टीच वाकलेली असू शकते, ती सरळ केल्याशिवाय बाकी सगळं वाया.

मूळ गोष्टीकडे परत येऊ. पुलाचं काम चालू असतानाच कार्मान रॉकेटमध्ये अडकले होते. १९३६ पासून फ्रँक मलिना आणि जॅक पार्सन्स यांच्यासारखी पोरं कॅलटेकच्या आसपास रॉकेट उडवत होती. बाकीचे प्राध्यापक त्यांना वेड्यात काढायचे, कार्मान यांनी त्यांना जागा दिली. त्यातूनच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली, मंगळावर गाड्या उतरवणारी. आपल्या इस्रोच्या सतीश धवन यांनी डॉक्टरेट केली ती याच कॅलटेकमध्ये, हान्स लिपमान यांच्याकडे. आणि लिपमान यांना तिथे आणलं होतं कार्मान यांनी.

१९४५ मध्ये जर्मनी हरल्यावर कार्मान अमेरिकन सैन्याच्या गणवेशात ग्योटिंगेनला गेले. नाझींनी काय काय शोध लावले याची चौकशी करायला. ज्यांची चौकशी करायची होती त्यात प्रांटलही होते. ज्या गुरूकडे हिमेन्झचं पाणी डोलताना पाहिलं, त्यांनाच प्रश्न विचारायचे होते. त्याच दौऱ्यात त्यांनी नोर्डहाउझेनची छळछावणी पाहिली, जिथे कैद्यांकडून व्ही-२ रॉकेट बनवून घेतली जायची. जुन्या सहकाऱ्यांपैकी ज्यांनी हे चालू असताना मान खाली घालून काम केलं, त्यांच्याशी त्यांचं मन पुन्हा पहिल्यासारखं जुळलं नाही.

१८ फेब्रुवारी १९६३ ला अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय विज्ञान पदक राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना दिलं. कार्मान तेव्हा ८१ वर्षांचे, संधिवाताने पाय दुखायचे. पायऱ्यांपाशी ते अडखळले तेव्हा केनेडींनी हात पुढे केला. कार्मान यांनी त्यांना हसून सांगितलं की आधार वर चढायला लागतो, खाली जायला लागत नाही.

तीन महिन्यांच्या आतच, ६ मे १९६३ ला, आखेनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना पासाडेनाच्या घरी गव्हर्नरांच्या नव्या पुलाची काळजी लागली होती, त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जी पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, तिथल्या एका मोठ्या विवराला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. ३ जानेवारी २०१९ ला चीनचं चांग-ई ४ हे यान त्याच विवरात उतरलं. चीनचा रॉकेट कार्यक्रम उभारणारे च्येन श्वेसेन हे कार्मान यांचेच पासाडेनातले विद्यार्थी होते.